समासातल्या करंगळ्या

पहिली करंगळी वर झाली तेव्हा धोंडबाने अजून शेतसुद्धा सोडलं नव्हतं.

धोंडबा म्हणजे माझ्या कादंबरीतलं बुजगावणं. डोक्याला मडकं, अंगात फाटका सदरा आणि मनात एकच हौस, की एकदा तरी गावचा बाजार बघायचा. तो बाजाराला निघतो त्याची गोष्ट मी भेंडवाडीच्या शाळेत चौथीच्या मुलांना वाचून दाखवत होते. पहिलं पान संपायच्या आत कोपऱ्यातल्या एका पोराने करंगळी दाखवली. शाळेत करंगळी दाखवली की काय ते सगळ्यांना कळतं. बाईंनी मान हलवली आणि तो गेला. दुसऱ्या पानावर आणखी दोघे गेले. धोंडबा शेताच्या बांधावर येईतो सात जण बाहेर होते आणि पहिला अजून परत आला नव्हता.

खोटं कशाला सांगू, मला मुलांचाच राग आला. चाळीस मुलांतल्या सात जणांना एकदम लागते, असं कुठं असतं का? कसंबसं प्रकरण संपवलं, मुलांना छान छान म्हटलं आणि मागच्या बाजूला हातपंपावर तोंड धुवायला गेले. पंप मारत राहिले आणि पाणी वाहतंय तोवर रडून घेतलं.

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. गडहिंग्लजला एका वाचनालयात बालविभाग सांभाळायचे. धोंडबा पुण्याच्या प्रकाशकांकडून दोनदा साभार परत आला होता. तिसऱ्यांदा मात्र संपादकांनी सोबत चार ओळी लिहिल्या होत्या. लिहिलंय चांगलं, पण मुलांना वाचून दाखवलंत का? दाखवा, मग हात फिरवा. मार्चअखेर आली तर यंदाच्या यादीत घेऊ, नाहीतर आम्हाला क्षमा करावी. मीही मनाशी ठरवलं होतं, की आता नाही तर कधीच नाही. या खेपेला परत आली तर वही बंद करायची आणि उरलेलं आयुष्य पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारायचे.

तोवर मी काय कमी उद्योग केले होते? बालविभागातलं एकूण एक पुस्तक वाचून कुठलं पान मळलंय, कुठलं कोरं राहिलंय, ते पाहिलं होतं. मुलं एकमेकांत बोलायची ती वाक्यं वहीत टिपून ठेवली होती. दर आठवड्याला बाजारात भांडीवाल्या बाईच्या शेजारी बसून कान टवकारले होते. सगळी सामग्री गोळा केली, फक्त गोष्ट कुणाला वाचून दाखवली नव्हती. भीती वाटायची, दुसरं काय.

शालन मगदूम माझी पहिलीपासूनची मैत्रीण. भेंडवाडीच्या शाळेत मास्तरीण होती आणि गडहिंग्लजमध्ये माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. पत्र वाचून तीच म्हणाली, गुरुवारी तुमच्या वाचनालयाला सुट्टी असते, दुपारच्या गाडीने ये, माझा वर्ग तुझा. लहानपणी माझी पाटी तीच पुसून द्यायची. त्यामुळे तिने काही देऊ केलं की नको म्हणायची मला सवयच नव्हती.

त्या पहिल्या गुरुवारी परतीच्या एस.टी.त मी हस्तलिखित मांडीवर घेतलं आणि ज्या ज्या ओळीला मूल बाहेर गेलं होतं तिथे समासात पेन्सिलीने एकेक छोटी करंगळी काढली. काढता काढता डोळे उघडले. पहिल्या पानावरून दुसऱ्यावर जाईतो मी धोंडबाच्या सदऱ्याचं वर्णन केलं होतं, चांगल्या अठरा ओळी, आणि पहिल्या तिन्ही करंगळ्या तिथेच वर झाल्या होत्या. मूल कधी म्हणत नाही, की ताई, तुमचं लिखाण कंटाळवाणं आहे. ते म्हणतं, मला लागली. इतका खरा परीक्षक मला पुण्यातसुद्धा भेटला नसता. राग कुठल्या कुठे गेला. घरी जाऊन मी त्या अठरा ओळी काढून टाकल्या आणि दुसऱ्या गुरुवारची वाट बघत बसले.

दुसऱ्या गुरुवारी एकही करंगळी वर झाली नाही.

मी हवेत होते. तिसऱ्या गुरुवारी नाही, चौथ्याही नाही. मुलं नेमकी हसायच्या जागी हसायची, गप्प व्हायच्या जागी गप्प व्हायची. करंगळ्या संपल्या म्हणून मी समासात हशाच्या आणि शांततेच्या खुणा करायला लागले. पाचव्या प्रकरणात धोंडबा नदी ओलांडतो. ते ऐकताना सगळ्यांनी तोंडं अशी उघडी ठेवली, की मी चार पानांची नदी सात पानांची केली. मंगळवारी संध्याकाळी पुढच्या प्रकरणाची कार्बन प्रत शालनला द्यायची, कारण खेड्यातली बोली तिने तपासायची असं ठरलं होतं. गुरुवारी वाचायचं, शुक्रवार ते सोमवार दुरुस्त करायचं. इतकं सुखाचं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

एकच प्रकरण बसलं नाही, सातवं. त्यात बाजाराच्या वाटेवर धोंडबाला एक म्हातारी भेटते. तिची नजर अधू. तिला वाटतं, हा कुणीतरी दमलेला वाटसरू आहे. ती त्याची उसवलेली बाही शिवून देते आणि भाकरी देते. धोंडबाला खाता येत नाही, पण तिला वाईट वाटू नये म्हणून तो भाकरी सदऱ्यात लपवतो आणि पोट भरलं म्हणतो. लिहिताना माझ्या स्वतःच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मुलं मात्र ढिम्म. हसली नाहीत, हुं की चूं केलं नाही, चाळीसच्या चाळीस डोकी खाली. पुढे बसणारी वैजंता चौगुले, एरवी माझ्या तोंडाकडे टक लावून बघणारी पोर, ती तर पूर्ण वेळ फरशीवर बोट फिरवत बसली होती. करंगळी नव्हती, पण जीवही नव्हता.

परतताना एस.टी.त मी शालनला विचारलं, सातवं काढून टाकू का? ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, तुला वाटतंय तर काढ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती नऊ पानं बंबात घातली आणि त्या पाण्याने आंघोळ केली. मला नसत्या वस्तू जपून ठेवायची सवय नाही, तापटपणा म्हणा हवं तर. आणि मुलांचा शब्द अखेरचा, असं मी स्वतःशी ठरवलेलंच होतं.

मार्चचा शेवटचा गुरुवार उजाडला. शेवटचं प्रकरण वाचायचं आणि शुक्रवारी पोस्टात टाकायचं, इतकंच उरलं होतं. त्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर उभी असताना वाचनालयाचे एक सभासद दुधाच्या गाडीतून भेंडवाडीला निघाले होते, त्यांनी मला पुढे बसवून घेतलं. त्यामुळे नेहमीपेक्षा पाऊण तास आधी पोचले. मधली सुट्टी संपली होती. ऊन मी म्हणत होतं, म्हणून शाळेच्या मागच्या सावलीतून गेले. चौथीच्या वर्गाची खिडकी त्या बाजूलाच होती.

आतून शालनचा आवाज येत होता. माझंच वाक्य ती वाचत होती, धोंडबा बाजारात पोचतो तिथलं. मला बरं वाटलं. आपलं लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कुणाला आवडत नाही? मग ती थांबली.

"इथं मी डस्टरवर हात ठेवणार. डस्टरवर हात म्हणजे काय?"

"गप्प," सगळी मुलं एका सुरात म्हणाली.

"आणि चष्मा काढला की?"

"हसायचं."

"खोटं खोटं नाही हां. खरं हसायचं. आणि आता सगळ्यांनी रांगेनं जाऊन यायचं. ताई वाचताना करंगळी कुणी वर केली तर माझ्याशी गाठ आहे."

एका पोराने विचारलं, "बाई, त्ये नदीचं परत वाचणार हाईत का?" शालन म्हणाली, नदीचं झालं, आता नाही. पोराने हुश्श केलं आणि सगळा वर्ग हसला. ते हसू मी दहा आठवड्यांत एकदाही ऐकलं नव्हतं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मुलं रांगेने पुढच्या दाराने बाहेर पडली, तशी मी बाभळीच्या आड झाले. माझ्याच वाचकांपासून मी चोरासारखी लपले होते. आधी वाटलं, असंच परत जावं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. नेहमीच्या वेळेला, एस.टी. आल्याचा आवाज झाल्यावर, मी दारात जाऊन उभी राहिले.

मुलं उठून नमस्ते ताई म्हणाली. शालन नेहमीसारखी कपाटाजवळच्या खुर्चीवर बसली. मांडीवर कार्बन प्रत, शेजारी डस्टर. मी पिशवीत हात घातला. पिशवीत शेवटचं प्रकरण होतं आणि वाचनालयाचा वार्षिक अहवालही होता, तपासायला घरी नेलेला. मी अहवाल काढला.

आवाज मात्र गोष्टीचा लावला. "अहवाल साली वाचनालयातील तीस कपाटे तपासण्यात आली," मी सुरुवात केली. मुलं माझ्याकडे बघायला लागली. "पैकी पूर्वेकडील खोलीतील कपाटांची स्थिती समाधानकारक असून दारांच्या बिजागऱ्यांना तेल देण्यात आले." शालनने मान वर केली. मग मांडीवरची पानं चाळायला लागली. एक उलटलं, दुसरं उलटलं, परत मागे आली. तिला ती ओळ काही सापडेना. मी वाचतच राहिले. "पश्चिमेकडील खोलीतील चार कपाटांना मात्र वाळवी लागल्याचे आढळून आले."

तेवढ्यात शालनने घाम पुसायला चष्मा काढला.

अख्खा वर्ग खदखदून हसला. हसताना काही मुलं एकमेकांच्या पाठीवर पडली, इतकी छान तालीम झाली होती. फक्त वैजंता हसली नाही. ती एकदा माझ्याकडे आणि एकदा बाईंकडे बघत होती. मी अहवाल मिटून पिशवीत ठेवला आणि शालनकडे पाहिलं. तिच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

मुलांना पाढे लिहायला देऊन ती माझ्या मागोमाग व्हरांड्यात आली. दोघीही हळू बोलत होतो, कारण आत मुलं होती. मी विचारलं, "कधीपासून?"

"दुसऱ्या गुरुवारपासून," ती म्हणाली. "कुमे, तू पंपावर रडत होतीस. तोंड धुतल्यासारखं केलंस, पण मला दिसलं. मला नाही बघवलं."

"मग मला सांगायचं."

"काय सांगायचं? पोरांना कंटाळा येतो म्हणून?"

"तेवढंच ऐकायला मी इथवर येत होते, शालन."

ती म्हणाली, मुलांना कुठे काय करायचं ते कळावं म्हणून बुधवारी आधी ती स्वतः वाचून दाखवायची. म्हणजे पहिलं वाचन तिचं असायचं, माझं नव्हे. माझी गोष्ट मुलांनी पहिल्यांदा ऐकली ती दर वेळी माझ्या पाठीमागे. खरं हसू, खरा कंटाळा, सगळं बुधवारी होऊन जायचं आणि गुरुवारी माझ्या वाट्याला त्याचं नाटक यायचं. मी विचारलं, नदीच्या वेळी बुधवारी काय झालं होतं?

"करंगळ्या," तिने मान खाली घातली. "अकरा."

अकरा. आणि मी ती नदी सात पानांची केली होती. केली तेव्हा सातही पानं तिला वाचायला दिली होती आणि तिने ती वाचून परत दिली होती, एका शब्दाची बोली दुरुस्त करून. मला इतकं फसवल्यासारखं उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. प्रकाशकांनी दोनदा परत पाठवलं तेव्हासुद्धा नाही, कारण त्यांनी निदान परत तरी पाठवलं होतं.

मी म्हटलं, "तू माझी कीव केलीस. नऊ आठवडे."

"माया केली," शालन म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "तुला येताना इतकी खूश बघायचे मी."

मी पिशवी खांद्याला लावली आणि थांब्याकडे चालू लागले. म्हातारीचं प्रकरण तिथे माझ्या डोक्यातही नव्हतं. डोक्यात फक्त अकराचा आकडा होता आणि तो एका सुरातला शब्द, गप्प.

थांब्यावर सावली नव्हती. परतीची गाडी यायला अजून अवकाश होता. जरा वेळाने मागून अनवाणी पावलांचा आवाज आला. वैजंता धावत आली होती, धाप लागलेली.

"ताई, त्या म्हातारीचं लई आवडलं हुतं," ती म्हणाली. "भाकरीचं. खरंच आवडलं हुतं. बुधवारी मी रडले, आणि सुनीता बी रडली. बाई म्हणाल्या, उद्या ताई वाचतील तवा कुणी रडायचं न्हाई, त्यांना वाईट वाटंल. मान खाली घालून बसायचं. म्हणून बसलो."

हेच ऐकायला मी दहा गुरुवार त्या रस्त्याची धूळ खात आले होते. एका मुलाने येऊन खरं सांगावं, इतकंच मला हवं होतं. ती पोर उन्हात अनवाणी पळत येऊन सांगत होती आणि माझ्या कानाला तो तालमीतला आवाज वाटला. शालननेच शहाणपण केलं असणार, मला वाटलं. आता समजूत घालायला पोरीला पढवून पाठवलंय.

"हे सांगायला तुला बाईंनी पाठवलं ना?" मी विचारलं. आवाजात जहर होतं. "खरं बोल."

वैजंताचा चेहरा पडला. ओठ दुमडले. तिने मान हलवली आणि जमिनीकडे बघत इतक्या हळू बोलली, की मला वाकून ऐकावं लागलं.

"न्हाई. मी बाईंना करंगळी दाखवून आले."

मग ती वळली आणि शाळेकडे चालत गेली. येताना धावत आली होती, जाताना चालत गेली. हाक मारावी असं मनात आलं, पण मारली नाही. ती वर्गात गेली तरी मी बघत उभी होते. गाडी आली, कंडक्टरने दोनदा विचारलं तेव्हा चढले.

दुसऱ्या दिवशी नदी परत चार पानांची केली आणि सगळं पोस्टात टाकलं. सातवं प्रकरण बंबात गेलं होतं. त्याची एकच कार्बन प्रत जगात होती, ती दोन गल्ल्या सोडून शालनच्या घरी. मी मागायला गेले नाही. तीही द्यायला आली नाही, का आली नाही ते तिचं तिला माहीत. पुस्तक म्हातारीशिवाय निघालं. धोंडबा आता कुणालाही न भेटता सरळ बाजारात जातो, आणि पुढे त्याची एक बाही शिवलेली कशी, हे आजवर कुणी मला विचारलेलं नाही.

याला तीस वर्षं होतील. शालनने मला कसं फसवलं, हे मी या काळात बऱ्याच जणांना सांगितलंय आणि सगळ्यांनी माझी बाजू घेतली. गोष्ट मी नेहमी व्हरांड्यापर्यंतच सांगते. थांब्यावर मी वैजंताला काय विचारलं, ते आज पहिल्यांदा सांगते आहे.